पत्र कोणत्या दिवशी पोचलं? : ईमेलवरची एक मोहीम आणि आपला इतिहास

 

पत्रिकेवरचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे कॉम्प्युटर गेमचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गेमवर बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. पण मला बोलायचंय ते इतिहासाबद्दल. भूतकाळातल्या माणसांचा न्याय आपण कसा करतो, याबद्दल. आणि या प्रश्नाकडे मी वळलो तो एका खेळामुळे, म्हणून सुरुवात खेळापासून करतो.

खेळ काय आहे

'मिडीव्हल टू : टोटल वॉर' नावाचा एक गेम आहे. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीने तो २००६ साली काढला. तुमच्या मुलांना, नातवंडांना माहीत असेल. पडद्यावर युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा नकाशा. साल १०८०. इंग्लंड, फ्रान्स, व्हेनिस, हंगेरी, बायझंटाइन, इजिप्त अशी राज्यं. त्यातलं एक तुम्ही घ्यायचं आणि १५३० पर्यंत चालवायचं. कर लावायचे, रस्ते बांधायचे, सैन्य उभं करायचं, वकील पाठवायचे, मुलीबाळींची लग्नं जुळवायची, पोपची मर्जी सांभाळायची. एका खेळीत दोन वर्षं पुढे सरतात. अशा २२५ खेळ्या. गंमत म्हणजे साल दोन वर्षांनी सरकतं, पण सरदारांचं वय मात्र एका खेळीत अर्धंच वर्ष वाढतं! नाहीतर पंचवीस-तीस खेळ्यांत सगळे म्हातारे होऊन गेले असते. इतिहासाच्या पुस्तकांत असा सोयीचा हिशोब नसतो.

पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, 'किंगडम्स' नावाची त्याची पुरवणी आली. तिच्यात 'हॉटसीट' नावाची सोय होती. हॉटसीट म्हणजे एकच खुर्ची, पण बसणारे अनेक. एकाने आपली खेळी करायची, उठायचं, दुसऱ्याने बसायचं. प्रत्येकाच्या राज्याला पासवर्ड, म्हणजे एकाचा खजिना दुसऱ्याला दिसत नाही. आता, एका खुर्चीत आळीपाळीने बसता येतं तर खुर्ची एकाच घरात कशाला हवी? खेळी झाली की तिथवरचा खेळ एका फाइलमध्ये साठवायचा आणि ती फाइल पुढच्याला ईमेलने धाडायची. तो आपल्या घरी उघडतो, आपली खेळी करतो, पुढे पाठवतो. जगभर लोक असे खेळले, अजूनही खेळतात.

आम्हीही खेळलो. चौघं जण. मी इथे मोहोपाड्यात, माझ्याकडे बायझंटाइन साम्राज्य. एक मित्र कर्जतला, त्याच्याकडे इजिप्त. एक पुण्याला, त्याची हंगेरी. चौथा मुलाकडे सिंगापूरला, त्याचं व्हेनिस. प्रत्येकाला एक-सव्वा दिवस धरला तर एक फेरी पुरी व्हायला पाच दिवस. २२५ फेऱ्यांना तीन वर्षांहून जास्त लागतील, हे गणित आम्ही पहिल्याच दिवशी मांडलं होतं. निवृत्त माणसांना त्याची काय भीती?

आमचे नियम मोजकेच होते. माणसामाणसांतल्या लढाईचा निकाल यंत्राने काढायचा. खेळी मनासारखी झाली नाही म्हणून जुनी फाइल पुन्हा उघडायची नाही. आणि तिसरा नियम, जो पुढे महत्त्वाचा ठरतो : एकदा सुटलेली फाइल परत बोलवायची नाही.

पत्राने खेळण्याची जुनी रीत

हा प्रकार ईमेलने जन्माला घातला असं समजू नका. पत्राने बुद्धिबळ खेळण्याची पद्धत बरीच जुनी. लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ असा चार वर्षं पत्राने सामना चालला. एडिंबरा जिंकलं, आणि बुद्धिबळातल्या एका सुरुवातीला 'स्कॉच' हे नाव त्या सामन्यामुळे चिकटलं. आपण मागे नव्हतो बरं का. लगेच १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने दोन डाव झाले. मद्रासकडून खेळणाऱ्यांत गुलाम कासिम हा त्या काळचा नामांकित खेळाडू होता. रेल्वे नाही, तार नाही. टपाल घेऊन माणसं धावत होती, आणि त्या टपालात कोणाचा तरी घोडा अडीच घरं चालत होता.

पुढे विसाव्या शतकात 'डिप्लोमसी' नावाचा पटावरचा खेळ अमेरिकेत आला, १९५९ साली. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, आणि फासे अजिबात नाहीत. सगळं बोलणी करण्यावर आणि शब्द पाळण्या-मोडण्यावर. १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. आमच्या ईमेलवरच्या मोहिमेचा खरा आजोबा तो.

पत्राच्या बुद्धिबळातली एक साधी रीत सांगतो. कार्डावर तुम्ही फक्त आपली खेळी लिहीत नाही. आधी समोरच्याची कोणती खेळी तुम्हाला मिळाली ते लिहिता, मग आपली. कारण एखादं कार्ड गहाळ झालं तर दोघं दोन वेगळ्या पटांवर खेळत राहतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

आता मोडी कागद आठवा. पेशवाईतल्या पत्राची सुरुवात बहुतेक वेळा कशी असते? तुमचं अमुक तारखेचं पत्र अमुक दिवशी पावलं, मजकूर कळला. मग आपला मजकूर. तारखेआधी 'छ' हे अक्षर, म्हणजे चंद्र, आणि मग मुसलमानी महिन्यातली तिथी. आपण वाचताना ही ओळ सोडून देतो. औपचारिक वाटते. ती औपचारिक नाही. लिहिणारा सांगत असतो की माझ्या पटावर अमुक एवढं दिसतंय, तुमच्या पटावर तेवढंच आहे ना, ते तपासा. सगळ्या पत्राचा अर्थ त्या ओळीवर उभा असतो. आणि पुष्कळ कागदांवर तिथी असते पण साल नसतं. मग संशोधक मजकुरावरून ते साल शोधत बसतात. ती उगाच चिकित्सा नव्हे. तारीख हलली की माणसाचा हेतूच बदलतो.

झाग्रेबचं प्रकरण

हे मला आमच्या खेळात कसं कळलं, ते सांगतो.

चाळिसावी फेरी होती. पटावर ११६० च्या आसपासचं साल. व्हेनिस आणि हंगेरी यांची झाग्रेबवरून धुसफूस चालली होती. आमचा क्रम असा : आधी व्हेनिस, मग मी, मग इजिप्त, शेवटी हंगेरी. एका संध्याकाळी व्हेनिसने झाग्रेबला वेढा घातला आणि फाइल माझ्याकडे पाठवून दिली. सिंगापूरला तेव्हा रात्रीचे नऊ, आपल्याकडे साडेसहा. आणि साडेसातला पुण्याहून हंगेरीने व्हेनिसला स्वतंत्र ईमेल केली : झाग्रेब माझ्याकडे राहू दे, रागुसा तू घे, दहा फेऱ्यांचा तह करू. वेढा पडलाय हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. फाइल माझ्याकडे होती, आणि मी ती उघडलीही नव्हती. सिंगापूरच्या मित्राने तहाची ईमेल वाचली दुसऱ्या दिवशी सकाळी. फाइल सुटलेली. परत बोलवायची नाही. त्याने उत्तरच दिलं नाही. तीन दिवसांनी फाइल पुण्याला पोचली आणि पडद्यावर वेढा.

त्या वेळी कोणी फारसं बोललं नाही. पण सात-आठ महिन्यांनी, दुसऱ्याच एका युतीची बोलणी चालली असताना, पुण्याच्या मित्राने सगळ्यांना लिहिलं की व्हेनिसवर विश्वास ठेवू नका, मी तहाचा हात पुढे केला तेव्हा याने वेढा घातला. सिंगापूरहून उत्तर आलं की साफ खोटं, वेढा पडल्यावर हा घाबरला आणि मग तहाची भाषा करायला लागला. चाळीस वर्षांची मैत्री असलेले दोन शहाणे, शिकलेले लोक. दोघंही मनापासून बोलत होते.

माझ्याकडे सगळ्या ईमेल होत्या. मी त्या तारीख-वेळेप्रमाणे लावल्या, सिंगापूरच्या घड्याळातले अडीच तास वजा केले, आणि चौघांना पाठवल्या. वेढा आधी पडला, प्रस्ताव तासाभराने गेला. पण प्रस्ताव लिहिणाऱ्याला वेढा माहीत नव्हता, आणि वेढा घालणाऱ्याला प्रस्ताव माहीत नव्हता. वचनभंग झाला नव्हता आणि घाबरून शरणागतीही झाली नव्हती.

मग दोघांच्या आठवणी अशा कशा तयार झाल्या? पुण्याच्या मित्राच्या आयुष्यात आधी पत्र होतं, मग वेढा. सिंगापूरच्या मित्राच्या आयुष्यात आधी वेढा, मग पत्र. दोघांनी आपापल्या परीने क्रम बरोबर सांगितला होता. माणूस घटनांचा क्रम लक्षात ठेवत नाही, बातम्यांचा क्रम लक्षात ठेवतो. आणि त्या क्रमावरून तो दुसऱ्याच्या मनातला हेतू ठरवून टाकतो.

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे. बाकीचं त्याचं उपयोजन.

उंबरखिंड : आकडे आणि माहिती

खेळात एक मोठी खोट आहे, ती आधी नोंदवतो. नकाशा वरून दिसतो. आपण जणू घारीच्या डोळ्यांनी पाहतो. शत्रूचं सैन्य कुठे आहे ते अंधारात असतं, हे मान्य. पण डोंगर, नद्या, वाटा सगळ्यांना सारख्या दिसतात. खऱ्या मोहिमेत नेमकं हेच नसतं.

उदाहरणाला लांब जायला नको. खोपोलीहून पाली रस्त्याने गेलात की शेमडीवरून चावणीला फाटा आहे. तिथे उंबरखिंड. स्मारक आहे, तुमच्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असाल. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं, सोबत माहूरची रायबागन. १६६१ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते सैन्य घाट उतरून या खिंडीत आलं आणि शिवाजी महाराजांच्या लोकांनी त्याला पुढून-मागून कोंडलं. खानाला सामान टाकून, वाट मागून परत फिरावं लागलं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग सविस्तर आहे. या रानात शिरण्यावरून रायबागन खानाला सुनावते, असंही त्यात दाखवलंय.

आता हीच लढाई आमच्या नियमाप्रमाणे यंत्राकडे दिली असती, तर? यंत्र शिपाई मोजतं, हत्यारं मोजतं, थोडा भूभाग मोजतं. जंगलात दबा धरण्याची सोय गेममध्ये आहे, नाही असं नाही. पण खान कोणत्या वाटेने उतरणार हे महाराजांना आधी कळलं होतं आणि खिंडीत काय आहे हे खानाला कळलं नव्हतं, हा फरक कुठल्या रकान्यात भरायचा? लढाई त्या फरकावर जिंकली गेली. दोन्ही सैन्यं एकाच खिंडीत होती, पण दोन वेगळ्या पटांवर उभी होती.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा एक सराव-खेळ तयार केला होता. त्याला हे नेमकं उमगलं होतं. त्याच्या खेळात दोन्ही बाजू हुकूम लिहून पंचाकडे देत. पंच फक्त तेवढंच सैन्य पटावर मांडायचा जेवढं खरोखर दिसलं असतं. आणि हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला पोचायला वेळ लागणार, हाही हिशोब होता. दोनशे वर्षांपूर्वीचा तो कागदी खेळ या बाबतीत आमच्या रंगीत गेमपेक्षा इतिहासाच्या जवळचा होता, असं माझं मत आहे.

पण ईमेलने खेळताना ती उणीव थोडी भरून निघते. फाइल फिरत असते, पत्रं उलटसुलट जात असतात, आणि प्रत्येक जण कालच्या जगावर आजचा निर्णय घेत असतो.

पानिपत, पत्रांच्या क्रमाने

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पानिपतावर प्रत्येक मराठी माणसाचं मत असतं. एसटीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. "भाऊंनी कुंजपुऱ्याला जायलाच नको होतं." "बाजारबुणगे, यात्रेकरू बरोबर घ्यायलाच नको होते." "आणि पेशवे? भाऊ तिकडे उपाशी, आणि हे पैठणला लग्न करत होते!"

जरा तारखा पाहू. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये पटदूरहून, म्हणजे आजच्या परतूरहून, उत्तरेला निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. ऑक्टोबरच्या मध्यावर कुंजपुरा घेतला, तिथला मोठा धान्यसाठा हाती आला. त्यानंतर आठवड्याभरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मग पानिपतावर अडीच महिने समोरासमोर तळ. दक्षिणेकडे पत्र जाणं दिवसेंदिवस अवघड. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, ज्यांच्यावर अब्दालीची रसद तोडायची जबाबदारी होती. १४ जानेवारी १७६१ ला शेवटची लढाई.

आणि नानासाहेब पेशवे? डिसेंबरच्या अखेरीस पैठणला लग्न, मग उत्तरेकडे कूच. जानेवारीच्या अखेरीस ते भेलशाजवळ असताना त्यांच्या हाती सावकाराचं ते प्रसिद्ध पत्र पडलं. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत लिहिलेलं. लढाई होऊन तोवर दहाएक दिवस झाले होते.

या दहा दिवसांचा विचार करा. त्या दहा दिवसांत पेशव्यांच्या जगात पानिपत झालंच नव्हतं. ते भावाला मदत द्यायला निघाले होते. विश्वासराव त्यांच्या लेखी जिवंत होता. त्या दिवसांत त्यांनी कोणाला आज्ञा केली असेल, कोणाला पैसे मागितले असतील, तर ते सगळं अशा एका पटावर चाललं होतं जो प्रत्यक्षात उधळला गेला होता. आपण पुस्तकात घटनांच्या क्रमाने वाचतो : १४ जानेवारी आधी, भेलसा नंतर. ते बातम्यांच्या क्रमाने जगत होते.

लग्नाचंही तसंच. ते लग्न योग्य होतं असं मी म्हणत नाही. पण न्याय करायचा तर प्रश्न असा विचारायला हवा : त्या दिवशी पैठणला उत्तरेकडून आलेलं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं होतं? त्यात काय लिहिलं होतं? कुंजपुऱ्याच्या विजयाचं होतं, की उपासमारीचं? 'भाऊ उपाशी असताना लग्न' या वाक्यातला 'असताना' हा शब्द आपण घातलाय. तो आपल्या कॅलेंडरवरचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग कोणालाच दोष द्यायचा नाही का? सगळेच बिचारे, कोणालाच काही माहीत नव्हतं? नाही. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक आहे, इतका स्वस्त निकाल देणार नाही. न कळणं दोन प्रकारचं असतं. एक, जे कळणं शक्यच नव्हतं. सिंगापूरच्या मित्राला साडेसहाला साडेसातची ईमेल कळणं शक्य नव्हतं. दुसरं, जे कळून घ्यायची व्यवस्थाच केली नाही. जासूद पेरले नाहीत, वाटा पाहून ठेवल्या नाहीत, पत्र येईना तेव्हा का येईना असं विचारलं नाही. पहिल्या अज्ञानाला क्षमा असते, दुसऱ्याला नसते. महिना महिना पत्र येत नसेल तर ते न येणं हीसुद्धा बातमीच असते. ती पैठणला वाचली गेली का? हा प्रश्न कठोर आहे आणि रास्तही आहे. कारतलबखानाला दोष द्यायचा तोही याच कारणाने. पण हे दोन प्रकार वेगळे करायचे तर आधी तारखा लावाव्या लागतात. सरसकट शिव्या देऊन ते होत नाही.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर आधी इंग्रजीत, १९४६ मध्ये, आणि मग १९६१ मध्ये मराठीत ग्रंथ लिहिला. ही माणसं पत्रांमागे एवढी का लागली होती? बखर शेवट माहीत असलेला माणूस लिहितो. पत्र शेवट माहीत नसलेला माणूस लिहितो.

हरलेल्याचा बेत

इथे मला माझ्या विषयातल्या एका मोठ्या माणसाशी थोडा वाद घालायचाय. कॉलिंगवूड. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ, आणि स्वतः उत्खनन केलेला पुरातत्त्वज्ञसुद्धा. त्याचं म्हणणं असं की इतिहास म्हणजे भूतकाळातल्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा करून पाहणं. हे मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्या आत्मचरित्रात तो ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईचं उदाहरण देतो. नेल्सनचा बेत काय होता यावर इतिहासकार वाद घालू शकतात, कारण नेल्सन जिंकला, त्याचा बेत घडलेल्या लढाईतून वाचता येतो. हरलेल्या व्हिलनव्हचा बेत मात्र अमलातच आला नाही, त्यामुळे तो कोणाला कधीच कळणार नाही. असा त्याचा युक्तिवाद.

फक्त लढाईचा निकाल हातात असेल तर हे खरं आहे. पण पत्रं हातात असतील तर? भाऊंनी गोविंदपंतांना लिहिलेली पत्रं छापलेली आहेत. रसद तोडा, मुलूख जाळा, अब्दालीला पाठीमागून हैराण करा, असा त्यांचा तगादा आहे. म्हणजे बेत होता. त्याची वेळ, त्याची माणसं ठरलेली होती. तो फसला, पण कळला. हरलेल्या माणसाला 'मूर्ख होता' या एका शब्दातून फक्त कागद सोडवतो.

आमच्या खेळातही तसंच झालं. झाग्रेबचा वेढा यशस्वी झाला. नुसती फाइल पाहणारा म्हणाला असता की व्हेनिसची दूरदृष्टी केवढी, हंगेरी झोपलेली. हंगेरी झोपलेली नव्हती हे सांगणारी एक ईमेल होती, म्हणून.

आणि कागद नसला की काय होतं तेही सांगतो. दीड वर्ष खेळ चालला, एकशे दहावी फेरी सुरू होती, आणि कर्जतचा मित्र गेला. फाइल त्याच्याकडे गेलेली होती. त्याची खेळी राहिली. आम्ही तिघांनी पुढे खेळायचं नाही असं ठरवलं, त्यावर चर्चाही झाली नाही. काही महिन्यांनी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं की लॅपटॉप नातवाला दिला, सगळं पुसून. त्यात गैर काहीच नाही. घरच्यांना काय माहीत? पण तो जेरुसलेमच्या आसपास सहा फेऱ्या सैन्य जमवत होता. माझ्यावर येणार होता, की सिंगापूरच्या मदतीने हंगेरीवर आरमार नेणार होता? त्याला नोंदी लिहून ठेवायची सवय होती, हे मला माहीत आहे. त्या नोंदी गेल्या. कॉलिंगवूडचं म्हणणं त्या दिवशी मला पटलं. काही बेत खरोखरच कोणाला कधी कळत नाहीत.

आपल्या घरातले कागद

शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्यासाठी आहे. रसायनी हे नाव इथल्या रसायनांच्या कारखान्यांमुळे पडलं. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा मोठा कारखाना आपल्या शेजारी उभा राहिला. त्यासोबत कॉलनी, शाळा, बाजारपेठ. मोहोपाड्याचा तोंडवळाच बदलला. आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आज चहाच्या टपरीवर काय ऐकू येतं? "ते बंद पडणारच होतं." "कामगारांना वेळेवर कळायला नको?" "शेतकऱ्यांनी जमिनी द्यायलाच नको होत्या." पानिपताचीच भाषा! शेवट माहीत असलेल्याची.

ज्यांच्या आजोबांनी जमीन दिली, त्यांना त्या वेळी कोणती नोटीस आली होती, कोणत्या तारखेची? ज्यांनी नोकरी धरली, त्यांच्या हातात कोणतं नेमणूकपत्र होतं? पगार रखडले तेव्हा युनियनच्या परिपत्रकात काय लिहिलं होतं? हे कागद अजून इथल्या घरांमध्ये आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, दिवाणाखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी थोडे थोडे रद्दीत जातात. आणि नवे कागद तर कागदच नाहीत, ते फोनमध्ये आहेत. फोन बदलला की संपले.

माझी विनंती साधी आहे. टाकण्याआधी बघा. त्यावर तारीख नसेल तर जो सांगू शकेल त्याला विचारून पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर एक गोष्ट आणखी : तो कागद घरात कोणत्या दिवशी आला तेही लिहा. पाकिटं फेकू नका, टपालाचा शिक्का पाकिटावर असतो. पुढे कधीतरी कोणी या गावाचा इतिहास लिहायला बसेल. त्याला आपला न्याय करायचा असेल तर आपल्याला काय माहीत होतं आणि केव्हा, हे त्याच्यासमोर असायला हवं.



व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, असे गेम मुलांनी खेळावेत का? इतिहास शिकायला मदत होते का?*

एकट्याने यंत्राविरुद्ध खेळून नकाशा आणि नावं पाठ होतात. तेही वाईट नाही. पण एक खोटी सवयही लागते, की प्रजा म्हणजे आकडा आणि दुष्काळ म्हणजे खजिन्यातली घट. पानिपतच्या तळावरची भूक गेममध्ये येत नाही. मुलांना खेळायचं असेल तर चौघांनी मिळून, पत्रं लिहीत खेळा म्हणावं. आणि पत्रं जपून ठेवा. वर्षाने ती क्रमाने वाचायला लावा. बखर कशी तयार होते ते त्यांना आपोआप कळेल.

*प्रश्न : आता व्हॉट्सअॅपवर सगळं लगेच कळतं. मग हा उशिराचा प्रश्न राहिलाच कुठे?*

निरोप लगेच पोचतो, हे खरं. दोन निळ्या खुणा दिसतात. पण खूण म्हणजे वाचलं, समजलं असं नाही. आणि दिवसाला शंभर निरोप आले की त्यातला महत्त्वाचा एक तिसऱ्या दिवशी सापडतो. पूर्वी पत्र वाटेत अडकायचं, आता आपल्याच हातात अडकतं. शिवाय तिथे लिहिलेलं पुसताही येतं. त्यामुळे माझा प्रश्न तोच आहे, फक्त थोडा बदलून : निरोप पोचला कधी ते सोडा, माणसाला कळला कधी?

*प्रश्न : ती फाइल अजून आहे का?*

एकशे नवव्या फेरीपर्यंतच्या सगळ्या आहेत. त्यापुढची कर्जतला गेली होती.